उशिरा येणारी अक्षरं

...निळा दिवा पुन्हा लुकलुकला. अंगठ्याच्या पेराएवढा काळा पेनड्राइव्ह आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढा दिवा. लुकलुकायचा, थांबायचा, मग बराच वेळ नुसताच विझून राहायचा, आणि तो विझला की नरसिंगच्या छातीत काहीतरी उगीच पुढे धावायचं. खिडकीजवळच्या मशीनपुढे वाकून तो बघत राहिला. लागला... गेला. म्हणजे आत काम चाललंय. की संपलं?

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. टाइपरायटर भंगारात जाऊन किती वर्षं झाली, तरी त्याच्या तोंडातून 'मशीन' गेलं नाही. खालच्या मजल्यावर टायपिंगची संस्था, वरच्या मजल्यावर तो आणि बायको चांगुणा. कंधार, धर्माबादहून एसटीनं येणाऱ्या पोरी-पोरांमुळे एके काळी या खोलीत उभं राहायला जागा नसायची. आता सहा मशीनी, त्याही बहुतेक वेळ झाकलेल्या, आणि आज दुपारी तपासणी. सरकारी टायपिंग परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर मशीनी पुरेशा वेगाच्या हव्यात, नसतील तर संस्थेचं परीक्षा केंद्र रद्द. तपासणीचं पत्र आलं तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला होता. "बंद करा ना आता, बाबा. नाहीतर सांगा, नव्या मशीनी पाठवून देतो." आधी बघू, नरसिंग म्हणाला होता. मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. जुन्या कॉम्प्युटरची मेमरी कमी पडत असेल तर चांगल्या वेगाचा पेनड्राइव्ह लावा, प्रॉपर्टीजमध्ये जा, रेडीबूस्ट नावाचा भाग उघडा, 'हे उपकरण वापरा' वर टिचकी मारा. रोज लागणाऱ्या गोष्टी कॉम्प्युटर त्यात जवळ ठेवतो, लांबून शोधत बसत नाही. बोलणारा माणूस इतका खात्रीनं बोलत होता की नरसिंगनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला, आणि काल बाजारात जाऊन सहा पेनड्राइव्ह आणले.

पाच मशीनींनी पेनड्राइव्ह घेतला. सहावीनं मात्र सांगितलं, या उपकरणाचा वेग पुरेसा नाही, हे वापरता येणार नाही. एवढंच. त्यानं काढून पुन्हा लावला, पुन्हा तेच. पुरेसा नाही... बाकीच्या मशीनी तरी सुधारल्या का? सकाळपासून तो एकेकीवर वर्ड उघडून बघत होता. पहिल्यांदा उघडायला वेळ लागायचा, दुसऱ्यांदा कमी लागायचा — की वाट बघायची सवय झाल्यानं कमी वाटायचा? — मग तिसऱ्यांदा उघडायची भीती वाटायची, म्हणून तो पुढच्या मशीनकडे जायचा, आणि तिथून मागच्या मशीनच्या दिव्याकडे मान वळवून बघायचा.

"जेवून घ्या की," चांगुणा जिन्यातून म्हणाली. "सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालून राहिले."

"तपासणी हाय."

"हाय तर हाय. कोण येणार हाय, परकं? आपलीच पोरगी. तुमच्या हाताखाली शिकलेली."

नेमकं तेच तर... पत्राखाली तपासणी अधिकारी म्हणून नाव होतं, प्रियदर्शनी हनमंते. दुसरं कुणीही असतं तर चाललं असतं. अनोळखी माणूस नाही म्हणतो, निघून जातो, आपण त्याला दोन दिवस शिव्या घालतो. पण ती आत येईल, भिंतींकडे बघेल, या मशीनींकडे बघेल आणि तिचा चेहरा मऊ होईल. तो मऊ झालेला चेहरा त्याला आताच दिसत होता. मला तेवढं नको, त्यानं स्वतःला सांगितलं, तेवढं सोडून काहीही चालेल.

ती कंधारहून सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची. अंगानं बारीक, पण बोटं इतकी जोरात मारायची की कागदाला भोकं पडायची. ती सारखी कळांकडे बघते म्हणून त्यानं तिच्या हातांवर टॉवेल टाकला होता. आत टॉवेल हलायचा, वर कागदावर अक्षरं उमटायची — मारलं की लगेच उमटायची, चुकलं तर चुकलेलं, पण त्याच क्षणी, आपल्या डोळ्यांदेखत. बारा टाइपरायटर एकदम सुरू झाले की वर चांगुणाला भांड्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. त्या गोंगाटात नरसिंग शांत असायचा. कुठल्या कोपऱ्यातली लय चुकतेय हे त्याला पाठमोरं असतानाही कळायचं. आणि आता या खोलीत पंख्याचा आवाज मोठा वाटतो... कधीपासून? कुठल्या वर्षापासून मी इथं बसून दाराकडे बघायला लागलो?

"जय भीम, सर."

ती दारात उभी होती. पूर्वीही दारातून असंच म्हणायची आणि तो नुसती मान हलवायचा, कारण बारा मशीनींत बोललेलं ऐकूच जायचं नाही. आज खोलीत शांतता होती. "जय भीम," तो म्हणाला, "या." आणि त्या 'या'नं दोघंही क्षणभर थबकली. त्याला वाटलं, 'ये' म्हणायला हवं होतं. मग वाटलं, नाही, बरोबर म्हणालो. मग वाटलं, एवढ्या साध्या शब्दात मी अडकतोय तर पुढचं कसं निभावणार?

ती भिंतींकडे बघत बसली नाही. तिनं पाण्याचा पेला अर्धा घेतला, टॅब उघडला आणि थेट पहिल्या मशीनपाशी गेली. तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. चेहरा मऊबिऊ काही झाला नाही, नुसता कामात होता.

"सर, सगळ्या मशीनींना पेनड्राइव्ह कशाला लावलेत?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. मेमरी कमी पडते तेव्हा काय होतं, लांबचं आणि जवळचं, रेडीबूस्ट... बोलताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला — वर्गात शिकवायचा तो, खणखणीत — आणि तो ज्या खात्रीनं बोलत होता ती त्या व्हिडिओतल्या माणसाची होती. तरी तो थांबू शकला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि काढून टाकला तर?"

"तर काही न्हाई. काही हरवत न्हाई. पहिल्यासारखंच चालतं."

"पहिल्यासारखं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून म्हणाली, "एखादा उतारा टाइप करून दाखवता? माझा हात गेलाय आता, सगळं मोबाइलवर."

तो बसला. बोटं कळांवर ठेवली आणि सकाळपासून पहिल्यांदा छातीतलं धावणं थांबलं. बोटांना काही विचारावं लागलं नाही. वर्षानुवर्षं शिकवलेला उतारा होता तो, शेतीच्या पाण्याविषयीचा. पहिली ओळ, दुसरी, बोटं आपापल्या घरून निघून आपापल्या घरी परतत होती, पूर्णविराम, पुढचा परिच्छेद... आणि मग त्यानं वर पाहिलं. पडदा पहिल्या ओळीच्या मध्यावर होता.

त्यानं हात उचलले. मांडीवर ठेवले. पडद्यावर मात्र अक्षरं येतच राहिली — एक येऊन थांबायचं, मग चार-पाच एकदम, मग पुन्हा काहीच नाही. त्यानं टाइप करून संपवलेलं वाक्य त्याच्यासमोर कुणी दुसरं टाइप करत होतं, अडखळत, कळा शोधत. पेनड्राइव्हचा दिवा जोरजोरात लुकलुकत होता. काहीतरी बोलायला हवं होतं... अँटिव्हायरस चालू आहे, किंवा सकाळी बरं चाललं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"येऊ द्या," ती हळू म्हणाली. "बघू कुठपर्यंत येतंय."

दोघंही थांबली. शेवटचा पूर्णविराम आला तेव्हा ती म्हणाली, "उताऱ्यात एकही चूक नाही, सर. पण मशीनी चालणार नाहीत."

"हाव, खरंय."

"दोन गोष्टी लिहिता येतात. अयोग्य म्हणून आजच बंद, किंवा नव्या मशीनींसाठी दोन महिन्यांची मुदत. मुदत सगळ्यांनाच देतो आम्ही, तुमच्यासाठी वेगळं काही करत नाही. पण मुदत घ्यायची तर केंद्रानं मागावी लागते." तिनं टॅबवरून नजर उचलली. "काय लिहू?"

आणि तेव्हा त्याला कळलं. इतक्या साधेपणानं कळलं की तो दचकलाही नाही. तिनं नाही म्हणावं म्हणून तो सकाळपासून तळमळत होता. तिनं बंद करावं, सही करावी, निघून जावं. मग चांगुणाला सांगता आलं असतं, मुलाला सांगता आलं असतं, केंद्र काढून घेतलं म्हणून. हे पेनड्राइव्ह मी मशीनी वाचवायला आणले होते... की मी सगळं करून पाहिलं, असं म्हणता यावं म्हणून?

"तुम्हीच ठरवा," तो म्हणाला. "अधिकारी तुम्ही."

"नाही सर. संस्था तुमची आहे." ती उठली. आवाजात राग नव्हता, मऊपणाही नव्हता. "उद्या दुपारपर्यंत फोन करा. तोवर मी अहवाल पाठवत नाही. आज मला अजून दोन ठिकाणी जायचंय." दारात पायात चप्पल सरकवताना ती म्हणाली, "कुणी म्हणालं असतं ना तेव्हा, की टॉवेल काढू का, तर मी हो म्हणाले असते, आणि कळांकडेच बघत राहिले असते." आणि ती गेली.

चांगुणा चहा घेऊन खाली आली. दोन कप होते. तिनं रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि दुसरा स्वतः घेऊन शेजारच्या मशीनपुढे बसली. या खुर्च्यांवर ती सहसा बसत नसे.

"काय म्हणली?"

मुदत दिली, असं तो म्हणणार होता, पण ते खरं नव्हतं. बंद करा म्हणाली, हेही खरं नव्हतं. सकाळपासून त्यानं या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती, लाजेचं एक, सुटकेचं एक, चिडीचं एक, आणि आता त्यातलं एकही हाती लागत नव्हतं.

"मलाच विचारून गेली," तो म्हणाला.

"मग?"

"मग... ठाऊक न्हाई."

चांगुणानं घाई केली नाही. ती चहा पीत राहिली. छातीतलं ते धावणं पुन्हा सुरू झालं होतं, सकाळइतकंच, कदाचित जास्तच. पण ते आता दाराच्या दिशेनं धावत नव्हतं. तिकडून कुणी यायचं राहिलं नव्हतं. साठीच्या घरात आलेल्या माणसानं बायकोसमोर 'ठाऊक नाही' म्हणावं, आणि म्हटल्यावर मान खाली जाऊ नये, याचंच त्याला नवल वाटत होतं. तो आत चाचपून बघत होता, मला काय हवंय... बंद, की चालू... आणि आतून लगेच काही येत नव्हतं, आणि तो थांबून होता.