कुरकुरणारी खुर्ची

आमच्या घरात मला कुलूप म्हणतात. दिरानं नोकरी सोडली, नणंदेनं ठरलेलं लग्न मोडलं, सगळं आधी मला कळलं आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. "माझ्यातून काही बाहेर जात नाही," असं मी चारचौघांत ठणकावून सांगायची.

मग बाळंतपण अडलं. चिमटे लावून बाळ ओढलं, खाली फाटलं, टाके पडले. दोन महिन्यांनी चष्म्याच्या दुकानात कामावर परत गेले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसते का ते वाकून बघत होते, आणि वारा सरला. तोही पुढच्या दारानं. आवाजासकट.

गिऱ्हाइकानं खाली खुर्चीकडे पाहिलं. मालक म्हणाले, "ही खुर्ची फार कुरकुरायला लागली."

"हो ना," मी म्हणाले.

मालकांनी खुर्चीला तेल पाजलं. त्या आठवड्यात ती आणखी चारदा कुरकुरली. पुढे नुसत्या वाऱ्यावर भागेना, घाणही वाट चुकून पुढून यायला लागली. मी सारखी धुवायची, अत्तर मारायची, नवऱ्याकडे पाठ करून भिंतीला चिकटून झोपायची. दुकानभर आरसे, आणि एकातही मला स्वतःकडे बघवेना.

सात महिन्यांनी डॉक्टरबाईंकडे गेले. "मैत्रिणीला त्रास आहे," म्हटलं.

"बरं. मैत्रिणीला टेबलावर झोपायला सांगा."

तपासून त्या म्हणाल्या, "भगंदर आहे. शौचाची वाट आणि योनी, दोन्हींच्या मधे बीळ पडलंय. तुमचा काही दोष नाही यात. लेसर करून बघू. बारीक तार आत घालायची आणि बीळ आतून शेकून मिटवायचं, कापाकापी कमी. पण खरं सांगते, हे बीळ आखूड असतं, सगळ्यांचं लेसरनं मिटत नाही. नाहीच मिटलं तर आतलं अस्तर ओढून टाके घालू. येताना सोबत कुणालातरी आणा."

घरी म्हटलं, "अहो, मला लेसर करायचंय."

"डोळ्यांचं? चष्मा घालवायला?"

"हो," निघून गेलं तोंडातून.

ह्यांनी हौसेनं मालकांना फोन केला. मालक खवळले. "चष्म्याच्या दुकानातली बाई चष्मा काढणार? न्हाव्यानं दाढी वाढवावी तसं झालं हे!"

लेसर झालं. हे काळा चष्मा घेऊन खोलीत आले. पाठोपाठ नर्सबाई. "रोज दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसवा. शौचाला कुंथायचं नाही. आणि डॉक्टर सांगेपर्यंत नवरा-बायकोनं लांब राहायचं."

"डोळ्यांसाठी?" हे म्हणाले.

नर्सबाईंनी कागद पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या पेशंट ह्याच ना?"

त्या गेल्यावर मी चादरीत तोंड खुपसून सगळं सांगितलं. वर बघितलं तर ह्यांनी काळा चष्मा स्वतःच घातलेला.

"म्हणजे ते अंथरुणात... तो वास... मी नव्हतो?"

"नाही."

"सात महिने चूर्ण खातोय गं मी! आईसमोर जेवायला बसायचीसुद्धा लाज वाटायची मला."

मला हसू फुटलं, आणि हसताना खाली कळ आली. पण त्याहून मोठी लाज वाटली. माझ्या कुलपात हा माणूससुद्धा कोंडला गेला होता.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरंच मिटलंय. थोडं बाकी आहे. वाट बघू, नाहीतर टाके आहेतच."

मी ठरवलं, आता लपवाछपवी बास. निदान त्या बिचाऱ्या खुर्चीचं तरी मालकांना खरं सांगून टाकायचं. नाकावर चष्मा घेऊनच दुकानात शिरले.

"फसलं ना लेसर? माझ्याशी बेइमानी!" मालक खुशीत होते.

"अर्धं जमलंय. आणि मालक, त्या खुर्चीबद्दल एक सांगायचं होतं..."

"ती दिली भंगारात! ही नवी बघ. जन्मात कुरकुरणार नाही म्हणालाय दुकानदार. बसा साहेब, बसा!"

साहेब बसले. मी काडी बघायला वाकले.

दुपारी मालकांनी नवी खुर्ची परत पाठवली.