कपाला बशी

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आमच्या ह्यांच्या तोंडून भलतेच शब्द निघायला लागले. शलाका मॅडमचं मत असं, की शब्द शाबूत आहेत, फक्त शेजारपाजार बिघडलाय. बदलापुरात तिचं स्पीच थेरपीचं क्लिनिक, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र.

"काकू, मेंदूत शब्द एकटा राहत नाही. अर्थाने जवळचे शब्द चिकटून असतात. काकांचा हात शेजारच्यावर पडतो."

तिने कपाचं चित्र दाखवलं. हे म्हणाले, "बशी." कुलपाला "चावी". मग बर्फाचं घर, इग्लू. मोरिवली गावात जन्म काढलेल्या माणसाला इग्लू. झटक्याआधी तरी कुठे आलं असतं?

मग बोट माझ्याकडे. "काका, ह्या कोण?"

ह्यांनी मला नीट न्याहाळलं. "चहा."

आमचा कल्पेश मोबाइलमध्ये तोंड खुपसून हसला. मॅडमने फुली मारली. "काकूंचं नाव गेलंय."

"गेलंय? होतं कधी?" मी म्हटलं. "लग्न झालं तशी मी 'अगं', पोर झाल्यावर 'कल्पेसची आय'. रखमा म्हणून कधी हाक मारलेली आठवत नाही."

"आणि तुम्ही त्यांना काय म्हणता?"

"अहो."

मॅडमने सुस्कारा असा सोडला, जसा काही झटका दोघांनाही आलाय. गृहपाठ दिला: समोरासमोर बसून एकमेकांना नावाने हाक मारा.

"मम्मी, ट्राय तर कर," घरी कल्पेश म्हणाला. "पप्पा तुला ओळखतच नसले तर?"

तेच मला क्लिनिकपासून खात होतं. जन्म ह्या माणसापाशी काढला, आणि त्याच्या डोक्यात मी आहे की नुसता माझा चहा? चहाच असेल, तर टपरीवालाही चालेल की.

दार लोटून समोर बसले. कधी तोंडात न घेतलेलं नाव घेतलं. "भगवंत." आधी पुटपुटत. मग जरा मोठ्याने, "ओ भगवंत."

ह्यांचे डोळे विस्फारले. मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच अख्खं, सरळ बोलले.

"हलू बोल गो. आई आयकल."

सासूबाईंना जाऊन युगं लोटली. ह्यांच्या डोक्यात मात्र त्या अजून दाराआड कान देऊन उभ्या, आणि नवऱ्याचं नाव घेणारी निर्लज्ज सून म्हणून मी समोर. म्हणजे मी आहे तिथे. शेजार मिळाला तो सासूचा.

ह्यांनी माझा हात दाबला, गप्प राहायला.

"भगवंत," मी पुन्हा म्हटलं. ऐकू दे म्हातारीला.