डायलिसिस आणि चौपदरी रस्ता

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. बावीस वर्षं शिकवत होते आणि त्यातली चौदा वर्षं ते पक्षाच्या स्थानिक शाखेचे सचिवही होते. दोन्ही कामांत त्यांची पद्धत एकच: आवाज चढवायचा नाही, वाक्य छोटं ठेवायचं, आणि समोरचा घाबरला तरी आपण घाबरायचं नाही. मागच्या निवडणुकीत त्यांनी वस्तीतली एकशे चाळीस दारं ठोठावली आणि प्रत्येक दारात एकच गोष्ट सांगितली. आपला पक्ष सरकारात गेला, तर आपल्या दवाखान्यातला डायलिसिसचा विभाग बंद होणार नाही. "शब्द देतो," असं ते शेवटी म्हणायचे. पक्षाच्या पत्रकात 'प्रयत्नशील राहू' असं छापलं होतं. 'शब्द देतो' ही मास्तरांची स्वतःची भर.

त्यांची थोरली बहीण त्या विभागात आठवड्यातून तीनदा जायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार तास मशीनला हात जोडून पडायचं आणि मग रिक्षानं घरी. ताई म्हणायची, नवरा होता तेव्हासुद्धा मी इतक्या नियमानं कुणाची वाट पाहिली नाही.

पक्ष सरकारात गेला, पण एकटा नाही, दुसऱ्या एका पक्षाच्या टेकूवर. साडेतीन वर्षांनी त्या पक्षानं टेकू काढायची भाषा सुरू केली. मग तीन दिवस बंद दाराआड बोलणी झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली. मास्तर तेव्हा शिंपीणबाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. बातमी अशी, की आरोग्याच्या निधीला कात्री लावायला मास्तरांच्या पक्षानं मान्यता दिली आहे आणि बदल्यात रस्त्यांचं खातं त्यांच्याकडेच राहणार आहे. छोट्या दवाखान्यांतले काही विभाग जिल्ह्याच्या दवाखान्यात 'सामावून घेतले जातील'. पक्षाचे नेते म्हणाले, आम्ही दोन पावलं मागे आलो, पण सरकार वाचवलं.

शिंपीणबाईंनी गाडी थांबवली. पहिल्यांदाच न सांगता, आणि अगदी हळू.

"मास्तर, तुम्ही माझ्या दारात आला होतात."

"हो."

"मी तेव्हा काज करत होते. तुम्ही म्हणालात, शब्द देतो."

"म्हणालो होतो," मास्तर म्हणाले. "आरसा बघा. मागे सायकल आहे."

लोकांनी दगड मारले नाहीत. ते बरं झालं असतं, असं मास्तरांच्या बायकोचं मत होतं, कारण काच बदलता येते. लोकांनी फक्त ओळख दाखवणं थांबवलं. भाजीवाली सुटे नाहीत म्हणू लागली. पानपट्टीवर मास्तर गेले की गप्पा हवामानावर यायच्या. नवीन शिकाऊ यायचे बंद झाले. एकानं तर अर्धे धडे झाल्यावर कळवलं की आता चालतच जाणार आहे. कुणीतरी मास्तरांच्या गाडी शिकवायच्या शाळेच्या दारावर कागद चिकटवला: 'येथे मागे जायला शिकवतात. दोन पावलं.' मास्तरांनी तो काढला आणि फाडायच्या ऐवजी घडी करून खणात ठेवला. अक्षर चांगलं होतं.

दोन महिन्यांत विभाग बंद झाला. सहा मशीनं एका टेम्पोत चढली. जिल्ह्याचा दवाखाना तिथून चाळीस किलोमीटरवर. सकाळची एक बस होती, ती प्रत्येक थांब्यावर थांबायची आणि परतताना बसायला जागा मिळायची नाही. चार तास रक्त धुऊन घेतलेला माणूस दांड्याला लोंबकळत येणार. पहिल्या शुक्रवारी ताई तशी आली. घरी आल्यावर खुर्चीत बसली, पायताण काढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मास्तरांनी तिचं पायताण काढलं.

"सोमवारपासून मी नेतो," ते म्हणाले.

"तुझे धडे?"

"धडेही तिकडेच घेईन."

तसंच झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवारचे शिकाऊ जिल्ह्याच्या रस्त्यावर शिकू लागले. शिकाऊ चाकामागे, शेजारी मास्तर, त्यांच्या पायाखाली शाळेच्या गाडीला असतो तो जादा ब्रेक, आणि मागे ताई. नियमांच्या पुस्तकात मागच्या सीटवर कोण बसावं याबद्दल काही नव्हतं. मास्तरांनी ते पुस्तक दोनदा वाचून खात्री केली. पुढच्या आठवड्यात ताईच्या शेजारी घड्याळजी आले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि आता दिवसाला किती घोट पाणी प्यायचं ते मोजणारा. मग भूगोलाच्या निवृत्त बाई आल्या. तिघांनी गाडी भरली.

रस्ता खरोखर चांगला झाला होता. पक्षाकडे खातं राहिल्यामुळे चौपदरी झाला होता, मधे दुभाजक, दुभाजकात झुडपं.

"तुमच्या पक्षानं रस्ता मात्र झकास केला," घड्याळजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मास्तरांनी आरसा सारखा केला.

"पूर्वी इथे दलदल होती," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"तिसरा गियर," मास्तर शिंपीणबाईंना म्हणाले.

असं वर्ष गेलं. निवडणूक जवळ आली आणि पक्षाचे जिल्ह्याचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांनी मास्तरांना कार्यालयात बोलावलं. भाऊंनी चहा मागवला आणि पत्रकांचा गठ्ठा पुढे सरकवला. पत्रकावर चौपदरी रस्त्याचा फोटो होता. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं.

"तीच दारं," भाऊ म्हणाले. "तुम्हाला लोक मानतात."

"मानायचे. डायलिसिसचं विचारतील, तर काय सांगू?"

"आपण होऊन विषय काढायचा नाही. निघालाच तर सांगायचं, समिती नेमली आहे."

"नेमली आहे का?"

"निघाला तर नेमू."

मास्तरांनी चहा संपवला, गठ्ठा उचलला आणि घरी आणून टेबलावर ठेवला. बायकोनं एक पत्रक वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं.

"जाणार आहात?"

"जाणार आहे. पण हे नेणार नाही."

दुसऱ्या दिवशी धडे संपल्यावर मास्तर पहिल्या दारात उभे राहिले. एका पायानं अधू असलेले निवृत्त पोस्टमन बाहेर आले.

"मागच्या निवडणुकीत मी तुम्हाला शब्द दिला होता, डायलिसिस बंद होणार नाही म्हणून," मास्तर म्हणाले. "ते बंद झालं. माझ्याच पक्षानं मान्यता दिली. मी दिलेला शब्द मोडला, तेवढं सांगायला आलोय."

पोस्टमननी विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही."

"मत कुणाला द्यायचं?"

"ते मी सांगायला आलेलो नाही."

पोस्टमनना राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण ठेवायला जागा मिळेना. मत मागायला आलेल्या माणसाला हाकलता येतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. शेजारच्या घरी कुत्रा आहे, सांभाळून."

मास्तर रोज सात-आठ दारं करायचे. काही ठिकाणी दार तोंडावर आपटलं गेलं. एका बाईंनी त्यांना पंधरा मिनिटं फैलावर घेतलं आणि मग विचारलं की तुम्ही वीज मंडळाचे ना? एका गृहस्थांनी हे सगळं लिहून मागितलं. मास्तरांनी लिहून दिलं, खाली सही केली. गृहस्थांनी तारीखही घालायला लावली.

एक्केचाळिसाव्या दारात सुतारकाकांची बायको होती. सुतारकाकाही डायलिसिसवर होते आणि मागच्या थंडीत गेले, हे मास्तरांना माहीत होतं. तरी ते गेले, कारण त्या दारातही त्यांनी शब्द दिला होता. त्यांचं बोलून झाल्यावर काकू म्हणाल्या, "आत या. बसा."

मास्तर बसले. खुर्ची सुतारकाकांच्या हातची असावी. काडीची कुरकुर नव्हती.

काकूंनी सगळं सांगितलं, वार धरून. पहिल्या आठवड्यात काका तिन्ही दिवस बसनं गेले. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी बस आलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात ताप होता, उभं राहवेना, म्हणून शुक्रवार चुकला. पाय सुजले. सोमवारी काका म्हणाले, आज नको, परवा जातो. मंगळवारी श्वास लागला. त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज कुठेच हलला नाही.

"तुमच्या गाडीत जागा होती?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा होती," मास्तर म्हणाले. "दोन जणांची. काकांच्या खेपा चुकतायत, हे मला ठाऊक नव्हतं."

"आम्ही विचारलं नाही. हे म्हणाले, त्याच पक्षाचा माणूस, त्याच्या गाडीत बसणार नाही."

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. माफी मागायची म्हणून ते आले होते, आणि ती आता फार लहान वाटली.

"पुढच्या दारात हेही सांगा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

बेचाळिसाव्या दारापासून मास्तरांचं बोलणं दोन वाक्यांनी वाढलं. सुतारकाकांच्या तीन खेपा चुकल्या आणि ते गेले. माझ्या गाडीत जागा होती.

बातमी भाऊंपर्यंत पोचायला आठवडा लागला. ते दुपारी शाळेत आले, शिकाऊंच्या बाकावर बसले. मागे भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता होता.

"मास्तर, तुम्ही आपलीच माणसं फोडताय."

"मी झालं ते सांगतोय."

"लोक खवळलेत. शाखेत फोन थांबत नाहीत."

"ते वर्षभर खवळलेलेच आहेत. आता फोन करतायत, एवढंच."

भाऊंनी रुमालानं कपाळ पुसलं. "तडजोड नसती केली, तर सरकार पडलं असतं. मग विभागही गेला असता आणि रस्ताही."

"असेल," मास्तर म्हणाले. "पण मी दारोदार तडजोडीचा शब्द दिला नव्हता."

"राजीनामा द्या मग."

"देत नाही. दिला, तर लोक म्हणतील सुटला."

"काढावं लागेल."

"काढा."

"काढायला बैठक घ्यावी लागते. इतिवृत्त लिहायला सचिव लागतो." भाऊ थांबले. सचिव समोरच बसला होता.

"मी लिहून देतो," मास्तर म्हणाले.

बैठक गुरुवारी झाली. पाच जण हजर, एक गैरहजर. मास्तरांनी स्वतःला काढल्याचं इतिवृत्त स्वच्छ अक्षरात लिहिलं, ठराव एकमतानं झाला असं नोंदवलं, कारण त्यांनीही हात वर केला होता, आणि शाखेची किल्ली त्यावर ठेवून घरी आले. उरलेली बावीस दारं त्यांनी पुढच्या तीन दिवसांत संपवली.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात उमेदवाराची सभा झाली. ताई मंगळवारी मोकळी असायची, म्हणून गेली. पहिल्या रांगेत बसली, कारण तिथे खुर्च्यांना पाठ होती. उमेदवार वीस मिनिटं रस्त्यांवर बोलला आणि शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाला. ताई उठली. ध्वनिक्षेपक तिच्यापर्यंत आला नाही, तशीच बोलली.

"मी त्या रस्त्यानं आठवड्यातून तीनदा जाते. रस्ता चांगला आहे. मी मागितला नव्हता."

आणि ती बाहेरच्या वाटेला लागली. तिची चाल सावकाश होती, त्यामुळे सभागृह ओलांडायला वेळ लागला. ती दारापर्यंत पोचायच्या आत मागून खुर्च्या सरकू लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. पोस्टमन उठले, भाजीवाली उठली, सुतारकाकू आल्याच होत्या, त्याही उठल्या. उमेदवारानं आभार मानायला सुरुवात केली तेव्हा समोर बहुतेक कार्यकर्तेच उरले होते.

मतदानाच्या दिवशी मास्तर ताईला घेऊन गेले. परत येताना तिनं विचारलं, "कुणाला दिलंस?"

"मतपत्रिका कोरी टाकली. हात वळला नाही."

"माझा वळला," ताई म्हणाली.

वस्तीतून पक्षाला सव्वीस मतं पडली. मागच्या वेळी चारशे होती. दुसरा पक्ष आला, आणि त्यानं खरोखरची समिती नेमली. समितीनं सात महिने घेतले आणि सहापैकी दोन मशीनं परत आणली. ती चालवणारा माणूस एकच मिळाला, तोही सोमवार आणि शुक्रवारपुरता. बुधवारी अजून जिल्ह्याला जावं लागतं.

शिंपीणबाई दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या. बुधवारी आता गाडी त्याच चालवतात. शिकायचं काही उरलेलं नाही, पण मास्तरांना शेजारी बसावं लागत नाही आणि गाडीत एक माणूस जास्त मावतो, असं त्यांनी स्वतःच सुचवलं. मास्तरांना ते पटलं. पहिल्या बुधवारी ते फाटकाशी उभे राहिले. मागे ताई, घड्याळजी आणि भूगोलाच्या बाई. पुढे, मास्तरांच्या जागेवर, एक नवीन गृहस्थ. त्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं आणि त्यांनी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"पायाखाली ब्रेक आहे," मास्तरांनी खिडकीतून त्यांना सांगितलं. "त्याला हात, म्हणजे पाय लावू नका. बाई नीट चालवतात."

गृहस्थांनी पाय आखडून घेतले. गाडी निघाली. मास्तर शाळेत आले, दार उघडलं आणि दहा वाजता तक्त्यावरच्या खुणा शिकायला येणाऱ्या शिकाऊची वाट पाहत बाकावर बसले.