बिनसायलेन्सरच्या मोटारीतून उमरेडला

मोटार दुरुस्त करणाऱ्याने शहाणपण शिकवू नये, असं माझी आई म्हणायची. चौऱ्याहत्तर साली ते मला पटलं.

उमरेडला मुलगी पाहायला जायचं होतं. मुलगी म्हणजे लहानूजी विणकरांची मनकर्णा. एका लग्नात तिला पंगत वाढताना पाहिलं आणि तेव्हापासून माझं काही खरं नव्हतं. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. नागपूरच्या गॅरेजात हात काळे करणाऱ्या मला, श्रावणला, मुलगी द्यायला लोक कचरत. म्हणून मोटारीने रुबाबात जायचं ठरवलं. एका गिऱ्हाइकाने आपली मोटार खुशीने दिली, पण तिचा सायलेन्सर सडून गळून पडलेला. आई म्हणाली, बसने जाऊ. मी म्हणालो, सायलेन्सर फक्त आवाज गिळतो, तो नसला तर गाडी उलट जोरात पळते.

गाडीने रस्त्यावरचे बैल तेवढे शेतात पळवले. खालून धूर आत येऊ लागला, डोळे चुरचुरले, सोबत आलेल्या नत्थूमामांचं डोकं ठणकायला लागलं. मग चारही काचा खाली करून, जागोजागी उतरून हवा खात आम्ही कसंबसं उमरेड गाठलं. इंजिन बंद केलं तरी कानात ते चालूच होतं.

ओसरीवर मामांनी मुलीला नाव विचारलं, तेही ओरडून. तिने सांगितलं, पण आम्हा तिघांनाही ऐकू आलं नाही. तीनदा विचारून झाल्यावर आई माझ्या कानाशी लागली आणि, तिच्या मते, कुजबुजली, "पोरगी मुकी हाये काय गा?"

लहानूजींचा चेहरा पडला.

मनकर्णा मात्र रागावली नाही. तिचा जन्म घरच्या हातमागांच्या खटखटाटात गेलेला. तिथे बायका आवाजाच्या भरवशावर राहत नाहीत, ओठांनी बोलतात. माझ्याकडे पाहत तिने एकेक शब्द सुटा करून नुसते ओठ हलवले, "गाडीनं कान गेले?" मी मान डोलावली. ती हसली आणि पुढची सगळी उत्तरं तिने तशीच दिली. मी ती आईला ओरडून सांगत होतो.

पोहे झाले, चहा झाला. निघताना लहानूजी मोठ्याने म्हणाले, "कळवतो." आधीचे दोन्ही नकार याच शब्दाने आले होते. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

गाडी सुरू केली तशी गल्लीने कानांवर हात ठेवले. मनकर्णा दारात उभी होती. तिचे ओठ हलले. मला कळलं नाही असं वाटून ती पुन्हा तेच म्हणाली.

आईने मला हलवून विचारलं, ती काय म्हणाली. मी इंजिन बंद केलं, पण कान काही सुधारले नव्हते.

"ते हो म्हणून राहिली, वं माय!"

हे अख्ख्या गल्लीने ऐकलं. मनकर्णा तोंडाला पदर लावून आत पळाली. लहानूजींनी रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घरात हाक देऊन साखर मागवली.