नाण्याचं कूळ

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही नाणं जमवलं नाही. जमवायला ते आधी हातात टिकावं लागतं. त्यांचा पगार महिना अर्धा व्हायच्या आत संपायचा आणि उरलेले दिवस आई लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करून ढकलायची. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी जमवली ती फक्त माती. काळी, तांबडी, चुनखडीची, शाईच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेली, वर्गात दाखवायला. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन निघायचे आणि धुळीने माखून परत यायचे. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे पोरं त्यांना घुबड म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण रागवायचे नाहीत.

माझा नवरा जुन्या नाण्यांचा व्यापारी. त्यातही प्राचीन ग्रीक नाण्यांचा, आणि त्यातही अथेन्सच्या. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं घुबड. ही नाणी येतात तंबाखूच्या डब्यांतून, ओल्या मातीसकट. कोण आणतं ते मी विचारायचं नाही. दुकानामागच्या मोरीत ती भिजवायची, लाकडी काडीने देवीच्या कानातला आणि घुबडाच्या पंजातला चिखल काढायचा, हे माझं काम. माती धुतली की नाणं कुठल्या जमिनीतून उकरलं ते सांगणारं कुणी उरत नाही. "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये," नवरा म्हणतो, "त्यात नाणंही धर."

पण हल्ली बडे संग्राहक विचारायला लागलेत. आधी कुणाकडे होतं? उकरलेलं विकायला बंदी घालणारा कायदा झाला त्याच्या आधीपासून होतं का? चोरून उकरलेल्या मालाला हात लावायला घाबरतात. पापाची भीती नाही, पकडले जायची आहे. तेव्हा नवऱ्याला एक जुना मालक हवा होता. मेलेला, अब्रूदार आणि उलट न बोलणारा. घरचाच सासरा असताना बाहेर कशाला शोधायचा?

मला न विचारता त्याने लिलावाच्या पुस्तिकेत छापलं, 'एका दिवंगत भूगोल-शिक्षकाचा तरुणपणापासून जपलेला संग्रह.' सोबत बाबांचा फोटो, चष्म्यासकट. वर्तमानपत्राने ते लगेच उचललं. साध्या मास्तरांचा चांदीचा खजिना! शेजारणीने पेपर आईला नेऊन दिला आणि वर अभिनंदनही केलं.

मी धावत पोचले तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. पेपर मांडीवर.

"सुया टोचून टोचून माझी बोटं बधिर झाली," ती म्हणाली, "आणि याच्याकडे चांदी होती?"

याच्याकडे. बाबांसाठी आईच्या तोंडी कधी एकेरी शब्द आला नव्हता. कायम 'हे', 'यांना', 'यांचं'. भांडणातसुद्धा, आणि ते गेल्यावरही.

"आई, ती नाणी बाबांची नाहीत."

"मग कुणाची?"

सांगितलं. डबे, चिखल, मोरी, नवऱ्याची बनवाबनवी, काही हातचं राखलं नाही. तो तुरुंगात गेला तर खुशाल जाऊ दे, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं. बाबांची कमाई म्हणजे या बाईचा त्यांच्या शब्दावरचा विश्वास, दुसरं काय होतं? घरात काही नाही म्हणाले की काही नाही, आणि असेल त्यातलं निम्मं तिचं.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"बापावर पांघरूण घालायला स्वतःच्या नवऱ्याला चोर ठरवतेस? अगं, छापून आलंय."

"छापलेलं खोटं आहे, आई."

"मग सुट्टीला दिवसदिवस कुठे असायचा तो? मातीच्या बाटल्या म्हणे! मातीखाली काय दडवलंय, मी कधी ओतून बघितलं?"

नवऱ्याने एका ओळीची थाप मारली होती. तिला पुरावे आई स्वतःच जोडत होती, एकेक आठवण काढून, आणि प्रत्येक आठवण चपखल बसत होती. मी खरं बोलत होते, पण दाखवायला माझ्याकडे काय होतं? दाखवण्यासारखी एक माती, तीही मी माझ्या हाताने मोरीत सोडलेली.

"काजं करताना डोळ्यांना पाणी यायचं माझ्या," आई म्हणाली. "दिवा जवळ सरकवून द्यायचा तो. म्हणायचा, माझ्या हातात असतं तर तुला सुई धरू दिली नसती." तिने मांडीवरच्या पेपरची घडी घातली. "होतं की त्याच्या हातात."

मग उठली, भिंतीवरचा बाबांचा फोटो काढला, पदराने काच पुसली आणि माझ्यापुढे धरला.

"घेऊन जा. दुकानात लावा. तिथे उपयोग आहे त्याचा."

मला तिचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या मातकट नखांचा.

नवऱ्याने फोटो गल्ल्याच्या वरच लावला, चांगला मजबूत खिळा ठोकून. "बरं झालं आणलास," म्हणाला, "गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो." आई फोन करते, माझी खुशाली विचारते, बाबांचं नाव काढत नाही. चुकून निघालंच तर 'तो'. दुकानात मात्र कुणी विचारलं, हे कोण, की नवरा हातातलं घुबड खाली ठेवतो, फोटोला हात जोडतो आणि सांगतो, "आमचे सासरे. फार मोठे गृहस्थ होते ते." मागे मोरीत मला सगळं ऐकू येतं. माझ्या बाबांना अहो-जाहो करणारा आता तेवढाच एक उरलाय.