ताटातली फायनल

मूठभर चिंचोके.

स्टीलचं मोठं ताट, लग्नात आलेलं, काठाला एक पोचा.

टीव्हीवर अर्जेंटिना निळी-पांढरी, फ्रान्स गडद निळी.

मिलच्या फुटबॉल टीमचा फोटो भिंतीवर. मिल आता नाही.

काबुली चणे, भिजत घालायचे राहून गेलेले.

सहदेवचा उजवा हात. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर.

डिसेंबरातल्या रविवारी सकाळी भांडुपच्या टेकडीवरच्या त्या खोलीत या वस्तू एकमेकींची ओळख नसल्यासारख्या पडल्या होत्या. सुगंधाने ओळख करून द्यायचं ठरवलं.

गणपतीत नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. पाय थोडा परतला, हात परतेना. व्यायाम शिकवायला येणारी क्षमा बजावून गेली होती, "रोज चिंचोके उचलून वाटीत टाकायला लावा. आता नाही हलवला हात, तर पुढे कायमचा गेला म्हणून समजा." पण चिंचोके पुढे आले की सहदेव भिंतीकडे तोंड फिरवी. मिलच्या टीममधून कूपरेजचं मैदान गाजवलेला माणूस, असं अख्खी चाळ सांगायची. तो बालवाडीतले खेळ कशाला खेळेल?

आणि आज संध्याकाळी वर्ल्ड कपची फायनल.

"श्रुतिका, त्या मोबाइलात काय लिवलाहा ता वाच बघू. मोठ्यान. ह्यांका आयकाक जाऊ दे."

सून स्वयंपाकघराच्या दारात टेकली. "दोघांनी दोन-दोन वेळा कप जिंकलाय, आई. तिसरा कोणाचा ते आज ठरणार."

"मगे अर्धो अर्धो वाटून घेवा म्हणावा."

"काय आई! अर्जेंटिना पहिलीच मॅच हरली, सौदी अरेबियाशी. फ्रान्सपण एक हरली, ट्युनिशियाकडून."

"हरले आणि तरी फायनलाक? बरा आसा ह्यांचा. आणि दोघाय निळे. बॉल आपल्याच माणसाक दिलो ता कळता कसा?"

"अर्जेंटिनाचे पट्टे असतात ना. त्यांचा कॅप्टन पस्तीसचा आहे, शेवटचा वर्ल्ड कप त्याचा. फ्रान्सची पोरं वाऱ्यासारखी पळतात."

"पस्तीस म्हंजे म्हातारो?"

"फुटबॉलमध्ये म्हाताराच."

सुगंधाने खाटेकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड होतं, पण कान इकडे होता. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तिला कळत होतं.

तिने ताट आणि चिंचोक्यांची वाटी खाटेवर त्याच्याजवळ ठेवली. "चणे म्हंजे फ्रान्स. चिंचोके अर्जेंटिना." अकरा चणे तिने ताटभर पांगवले. मग मधोमध, समोरासमोर, दोन चिंचोके मांडले, आणि हात झटकले. "झाला. आता टाका बॉल."

मागून घशातला आवाज आला. चिडका.

"काय झाला?"

पुन्हा आवाज. श्रुतिका पुढे येऊन बघते तो काय! "अहो आई, दोनच? ही काय बॅटिंग आहे?"

"मगे बाकीचे पॅव्हेलियनात नसतत?" सुगंधा खरोखर चकित झाली.

सहदेव वळला होता. डावा हात ताटाकडे निघाला, तसा सुगंधाने तो धरला. "हो हात नाय. तो, उजवो."

मग उजवा हात चादरीवरून फरफटत आला. बोटं उघडेनात. मुठीच्या कडेने त्याने वाटीतला एक चिंचोका ओढला, ताटात लोटला. मग दुसरा. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस बंद करायला कोणी उठलं नाही. गोलकीपर पोच्यापाशी लागला. पुढे चौघे. त्यांच्यापुढे मधली फळी, आणि दोघे अगदी चण्यांच्या अंगावर. अकरा भरले तेव्हा सहदेवच्या कपाळावर घाम होता.

"झकास, बाबा!" श्रुतिका ओरडली.

सुगंधाला मात्र आता राहवेना. लग्न झालं ते संपानंतर. तोवर मिलचे भोंगे बंद आणि टीमही मोडलेली. तिने त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. आणि नवलच, कधी विचारलंही नव्हतं.

"ओ, ह्यांतलो तुमचो खंयचो? तुमी खंय उभे ऱ्हवायचात?"

अकरांतल्या एकालाही सहदेवने हात लावला नाही. हात पुन्हा वाटीकडे गेला. बारावा चिंचोका हळूहळू निघाला आणि ताटाच्या काठाबाहेर, चादरीवर थांबला.

"पडलो," सुगंधा म्हणाली आणि उचलून आत ठेवला.

त्याने तो परत बाहेर काढला. या वेळी बोटं थोडी उघडली.

"पण बाबा तर कूपरेज गाजवलेले…" श्रुतिका म्हणाली. सुगंधाने तिच्याकडे नुसतं बघितलं. ती गॅस बंद करायला आत गेली.

सुगंधाने पिशवीतला एक चणा घेतला आणि काठाबाहेर, त्या चिंचोक्याला टेकवून ठेवला.

"मगे मी हंयच बसतंय," ती म्हणाली. "सांगा आता, कोण जिंकतला?"

मिलची टीम एक्क्याऐंशी साली फायनल खेळली, तेव्हा शेवटची शिट्टी होईपर्यंत सहदेव मैदानाच्या काठाबाहेर, बुटांच्या नाड्या आवळून बसला होता.