करू शकतात की करतात?

साहेबांनी जन्मभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. समोरच्याचा पाय क्लचवर थरथरला की त्यांना गार वाटायचं. कुणाला कसं नापास केलं हे ते जेवताना चवीनं सांगत, आणि बायको वाढता वाढता ऐकून घेई.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि साहेबांनी घराचा दरबार करून टाकला. घास बायकोनं भरवायचा, दात तिनं घासायचे, शर्टाची बटणंही तिनंच लावायची. सुधारणा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणत. साहेब डोळे मिटून म्हणत, "होत नाही गं." जीभ जड झाली होती, पण हुकूम बरोबर कळायचे.

वन्सं फोनवरून भर घालायच्या. "त्याला दमवू नकोस हो. तुझे काय, हातपाय धड आहेत."

धड हातपायांच्या बाईची कंबर पार कामातून गेली होती.

उपचार केंद्रात चाचणीचा दिवस आला. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "काकू, मी काकांना कामं सांगेन. तुम्ही हात लावायचा नाही आणि बोलायचंही नाही. सगळ्या पेशंटना एकच नियम."

"बसते गप्प. सवय आहे."

परीक्षा म्हटल्यावर साहेबांची मान ताठ झाली. डाव्या हातानं त्यांनी चमचा उचलला, पाणी प्यायले, भांग पाडला. मग शर्ट. लुळा हात आधी बाहीत सरकवला, मग दुसरा, आणि खालपासून एकेक बटण लावत गळ्यापर्यंत आले. "झालं," म्हणाले आणि मुलीकडे असे बघायला लागले, जणू तिलाच पास करणार होते.

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण त्याच सकाळी याच माणसानं गळ्याचं बटण लावून घ्यायला हनुवटी वर धरली होती, हे तिला आठवलं. पाणी तिथल्या तिथे आटलं.

"छान!" मुलगी म्हणाली. "काकू, आता तुम्ही सांगा. घरी हे सगळं स्वतः करतात ना? कारण गुण रोज जे करतात त्याचे. नुसतं करू शकतात, त्याचे नाहीत."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर तिनं 'हो' म्हणावं म्हणून पाहायचे, तसंच.

"नाही," ती म्हणाली. "घरी यांची बोटं राजेशाही असतात. कपडे, शून्य लिही बाई. जेवण, शून्य. दात तर मी घासते, हे फक्त आ करतात."

"अगं! मी... आत्ता... केलं ना!"

"केलंत की. हिच्यासमोर. माझ्यासमोर काय बोटं झिजली असती?"

मुलीनं हसू लपवायला मान खाली घातली आणि शून्य लिहिलं. साहेब नापास झाले.

दुसऱ्या दिवशी बायकोनं शर्ट पलंगावर ठेवला आणि स्वतः गरम गरम खायला बसली.

"बटणं!" आतून हाक आली.

"लावा की."

साहेब रुसून बनियनवर बसले. तेवढ्यात बेल वाजली. त्यांच्या हाताखाली काम केलेले दोघे भेटायला आले होते.

"अगं, थांबव त्यांना!"

तिनं दार सताड उघडलं. "या, या. साहेब कपडे करताहेत."

चहा झाला, गप्पा संपत आल्या, तेव्हा कुठे साहेब काठी आपटत बाहेर आले. बटणं एकाआड एक चुकलेली, शर्टाचं एक टोक वर, एक खाली. पाहुण्यांनी छताकडे पाहिलं. बायकोनं नीट निरखून पाहिलं आणि कप उचलून आत गेली.

पुढच्या चाचणीत साहेब पास झाले. जेवणात, कपड्यांत, दातांत, सगळ्यात. त्या संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगत होते, "जिद्द लागते, ताई. कुणाची मदत घेतली नाही."

वन्संनी फोन भावजयीला द्यायला लावला. "बघितलंस? माझा भाऊ वाघ आहे वाघ!"

"आहेच हो. इतके महिने मीच मेली शिकार चावून भरवत होते."

फोन साहेबांच्या मांडीवर ठेवून ती चपला घालून फिरायला निघाली. मागून हाक आली, "अगं, पाणी!" ती जिना उतरत राहिली.